आमच्या गाडीचं नाक

आम्ही माणदेशातल्या एका बचत गटाच्या बायका. आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत, आणि तेही तिच्या हवेच्या फिल्टरबद्दल. कुणी म्हणेल, बायकांना काय करायचंय फिल्टरशी? अहो, गाडीचा हप्ता आम्ही भरतो, आमच्यातल्या दोघी ती चालवतात, मग बॉनेट उघडायला कुणाला विचारायचं?

गाडी आहे आठशे सीसीची, तीन सिलिंडरची, पेट्रोलवरची. जुनीच घेतली. मागची सीट आडवी करायची आणि शेवया, पापड, शेंगदाण्याची चटणी भरून सातारला न्यायची, हे तिचं काम. दहिवडीपासून पुसेगावपर्यंत ठीक चालायची. पण माल भरलेला असला की वर्धनगडच्या घाटात दमायची. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत चढायची आणि मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे.

एकदा माल उतरवून झाल्यावर गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. सीटकव्हर घ्यायला गेलो होतो खरं तर. तिथल्या पोरानं बॉनेट उघडलं, काळ्या डब्यातला कागदी फिल्टर काढून समोर धरला. काय ती घाण! फुफाटा, भुसा, एक मेलेली माशी. "बघा मावशी, या डबड्यातून गाडीनं श्वास घ्यायचा कसा? हे काढून टाका. हा कोन फिल्टर लावा. घाट उड्या मारत चढेल, ॲव्हरेज वाढेल, आणि धुऊन जन्मभर वापरा." कोन म्हणजे आइस्क्रीमच्या कोनासारखा, लाल जाळीचा, चकचकीत. किंमत ३,२०० रुपये. आमच्यात थोडी घासाघीस झाली, दोघी नको म्हणाल्या, पण घाटातला तो हॉर्न सगळ्यांच्याच कानात होता. घेतला.

आणि खोटं कशाला सांगा, परत येताना गाडी खरंच उचल घेऊ लागली. आवाजही कसा, एकदम मोठ्या गाडीसारखा घुर्र! आम्ही खूश.

आमच्या गटाची एक पेट्रोलची वही आहे. किती किलोमीटर, किती लिटर, सगळं लिहितो. आधी लिटरला १८ पडायचे. कोन लावल्यावरही १८च. एप्रिल-मे मध्ये तर १७वर आले. वही लिहिणारी म्हणाली, "जन्मभराचा फिल्टर आहे म्हणे, पण पेट्रोल वाचलेलं मला तरी कुठं दिसत नाही."

पावसाच्या आधी सर्व्हिसिंगला गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाल्या भाऊंनी कोन काढला, त्याच्या मागच्या नळीत बोट फिरवलं आणि बोट आमच्यापुढं धरलं. बोटावर पिठासारखी बारीक, मातकट धूळ. "चिमटीत चोळून बघा ताई." चोळलं तर करकर लागली. ही धूळ म्हणजे दगडाचा चुरा. फिल्टरच्या आतल्या बाजूला ती असायलाच नको. तिथून ती थेट सिलिंडरमध्ये जाते, तेलात मिसळते आणि पॉलिश पेपर घासावा तशी पिस्टनच्या रिंगा घासत बसते. रिंगा झिजल्या की गाडी तेल खाते, धूर सोडते, आणि मग इंजिन खोलायचं.

धूळ आली कुठून? दोन वाटांनी. एक तर त्या स्वस्तातल्या कोनाची जाळी विरळ होती. पण मोठी चूक पुढंच होती. कोनाचं तोंड आमच्या नळीपेक्षा मोठं होतं, म्हणून पोरानं मध्ये टेप गुंडाळून वरून पट्टी आवळली होती. इंजिनाच्या उष्णतेनं टेप सुटला. म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी.

भाऊंनी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. दोन बरे, एक थोडा कमी. म्हणाले, "अजून रिंगा गेल्या नाहीत. वर्षभर असंच चालवलं असतं तर वीसेक हजारांची तयारी ठेवावी लागली असती." वीस हजार म्हणजे आमची दिवाळीची सगळी ऑर्डर. आम्ही गॅरेजच्या पायरीवर बसूनच राहिलो.

मग आम्ही विचारत गेलो आणि ते सांगत गेले. आमच्यातल्या एकीची लेक पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकते, तिनंही भर घातली. तेच आता सांगतो.

गाडी पेट्रोल पिते हे आपल्याला माहीत असतं. पण एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. आपल्या रस्त्यावर त्या हवेत काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. उफणणी करताना आपण पदर नाकाला बांधतो ना, तसा फिल्टर हा इंजिनाचा पदर. तो डबाही उगीच बसवलेला नसतो. त्याची सोंड बॉनेटच्या आतली तापलेली हवा टाळून पुढच्या बाजूची गार हवा घेते. उघडा कोन मात्र इंजिनाशेजारची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणून उन्हाळ्यात दम कमी. डब्यामुळं आवाजही दबतो. आम्हाला जो मोठ्या गाडीचा घुर्र वाटला, तो नुसता डबा नसल्याचा आवाज होता.

मग सुरुवातीला गाडी पळाली ती कशामुळं? तर जुना फिल्टर चोंदला होता म्हणून. त्या दिवशी कुठलाही स्वच्छ फिल्टर लावला असता तरी ती पळाली असती! हे ऐकून आमच्यातल्या एकीनं कपाळावर हात मारला. लेकीनं वाचून सांगितलं, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये याचीच तपासणी केली होती. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर चोंदला तरी ॲव्हरेजला फारसा फरक पडला नाही, कारण हवा कमी आली की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप मात्र घटला. म्हणजे घाटाचं दुखणं फिल्टर बदलून जातं, पण नुसत्या फिल्टरनं पेट्रोल वाचवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता घ्यायचाच झाला तर कुठला? मूळ डब्यात बसणारा कागदी फिल्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आमच्यासारख्या धुळीत राहणाऱ्यांना तोच बरा. घेताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, कडेचं रबर दाबून बघा, मऊ आणि अखंड हवं. कागदाच्या घड्या दाट आणि सारख्या हव्यात. डब्यात बसवल्यावर चारही बाजूंनी चपखल बसला पाहिजे आणि सगळ्या क्लिपा लागल्या पाहिजेत. एक क्लिप तुटली म्हणून सुतळी बांधणारे आहेत, त्यांनी आमची गोष्ट परत ऐकावी.

दुसरा प्रकार तेल लावलेल्या कापडी जाळीचा, धुऊन वापरायचा. तोही मूळ डब्यात बसेल असा मिळतो. चांगल्या कंपनीचा असेल आणि नीट निगा राखणार असाल तर वाईट नाही, पण धुवायचा, पुरता वाळवायचा, मोजकंच तेल लावायचं, हे कोण करणार? तेल जास्त झालं तर हवेबरोबर आत जातं. काही गाड्यांत हवा मोजणारी केसासारखी तार असते, तिच्यावर ते बसलं की गाडी अडखळते. आमच्या गटात हे काम अंगावर घ्यायला एकही हात वर आला नाही.

तिसरा प्रकार, लांब पाइप लावून फिल्टर खाली बंपरमागं नेण्याचा. गार हवा मिळते हे खरं. पण आपल्याकडं पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहतं. खाली असलेलं नाक पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर जातं. मूळ डब्याची गाडीसुद्धा पाण्यात बंद पडली तर परत चावी फिरवायची नाही. ढकलून बाहेर काढायची आणि मेकॅनिकला बोलवायचं. हे घरच्या चालवणाऱ्यांनाही सांगा, कारण पुरुषमंडळी तिथंच चावी फिरवत बसतात.

आणखी एक. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच तर बेतानं आणि आतून बाहेर. बाहेरून जोरात मारली तर कागद फाटतो. रोज उठून डबाही उघडायचा नाही. थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. पण कच्च्या रस्त्यावर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत थांबू नका.

आमचं पुढं काय झालं? मूळ डबा आम्ही त्या दुकानातच सोडून आलो होतो. विचारायला गेलो तर म्हणाले, भंगारात गेला. गाडीतून काढलेली वस्तू, मग ती कितीही घाण असो, पिशवीत घालून घरी आणायची, एवढं तरी आमच्याकडून शिका. भंगारवाल्याकडून तसाच डबा ६०० रुपयांना मिळाला, फिल्टर २५० चा, शिवाय तेल बदललं.

बैठकीत ३,२०० वरून वाद झाला. कोनासाठी सगळ्यात जास्त आग्रह धरलेली म्हणाली, माझ्या हिश्श्यातून कापा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ठरावावर सह्या सगळ्यांच्या होत्या, नको म्हणणाऱ्या दोघींच्यासुद्धा. म्हणून खर्च गटाच्या नावावर लिहिला. मागच्या महिन्यात भरलेली गाडी घेऊन तीच घाट चढली, तिसऱ्या गिअरमध्ये. वहीत १८ आहेत.

कोन अजून आमच्या बैठकीच्या खोलीत खुंटीला टांगलेला आहे. दर सोमवारी दुपारी आम्ही तिथं असतो. आपल्या गाडीचा डबा उघडून बघायचा असेल तर गाडी घेऊन या, स्क्रू-ड्रायव्हर आमच्याकडं आहे.