कलावारशाचे विश्वस्त



कलावंताचा वारसा चित्रांप्रमाणेच त्याचे घर, कागदपत्रे व संग्रह यांतही असतो. तो सांभाळणारा विश्वस्त त्याचा धनी नसतो; समाजाच्या वतीने तो राखणदार असतो.

रशियन चित्रकार निकोलाय रोरिक १९२८ मध्ये आजच्या हिमाचल प्रदेशातील नग्गर येथे स्थायिक झाले. १९४७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे चित्रकार पुत्र स्वेतोस्लाव यांनी १९९२ मध्ये, आपल्या हयातीतच, आंतरराष्ट्रीय रोरिक स्मारक न्यास स्थापन केला. न्यासाने ते घर संग्रहालयाच्या रूपाने जपले.

बंगळूरजवळील तातगुणी येथील मालमत्तेच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९९३ मध्ये स्वेतोस्लाव आणि १९९४ मध्ये त्यांच्या पत्नी, फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरी देविका राणी निवर्तल्या. दांपत्य निःसंतान होते. मालकीचा वाद उद्भवला. कर्नाटक शासनाने १९९६ च्या कायद्यान्वये मालमत्ता संपादित केली. मात्र त्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयात सिद्ध होण्यास २०११ साल उजाडले.

वारसा एकच, एका ठिकाणी त्याला वेळीच विश्वस्त लाभले, दुसऱ्या ठिकाणी आधी कायदा व न्यायालय यांची वाट पाहावी लागली. म्हणूनच वारशाचे जतन कलावंताच्या पश्चात नव्हे, त्याच्या हयातीतच सुरू व्हावयास हवे.