हापशाभोवतीचा उद्याचा समाज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



भावी समाजाचे चित्र उभे करण्यात आजच्या कलावंताचा वाटा कोणता, असा विषय आपण मला दिलात. मी अर्थशास्त्राचा मास्तर. तेव्हा कलेची चिकित्सा तज्ज्ञांवर सोपवून एकाच उदाहरणाविषयी बोलतो.

तत्पूर्वी आपल्या सवयीविषयी. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले यांच्यासारखा नट घडला, हे खरे. परंतु पक्षाच्या सभेत गाण्याचे स्थान कोणते? वक्त्याला उशीर झाला की, ‘आणखी एक होऊ द्या!’ विचार आमचा, चाल तुमची, अशी ही वाटणी. सोव्हिएत रशियात तिने टोक गाठले. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो माणसे मेली. १९३४ मध्ये समाजवादी वास्तववाद हे साहित्याचे अधिकृत धोरण ठरले, आणि चित्रांतून सामूहिक शेतीवरील शेतकरी हसतच राहिला.

आता उदाहरण. नवजोत अल्ताफ या मुंबईत शिकलेल्या चित्रकर्ती. १९७० च्या दशकात त्या एका डाव्या युवक संघटनेत होत्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी बस्तरमधील कोंडागाव येथे राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम या तेथील कलावंतांसह काम केले. या मंडळींनी हापशांभोवतीच्या जागा नव्याने रचल्या. त्यांना ‘नलपार’ म्हणतात. सांडपाण्याला वाट, डोक्यावर घेण्यापूर्वी हंडा क्षणभर टेकवता येईल असे कोनाडे, बायकामुलींना थोडा आडोसा देणाऱ्या भिंती, आणि त्या भिंतींवर त्या भूमीतील आकृती. मुलांसाठी त्यांनी ‘पिला गुडी’ उभारल्या, म्हणजे बालकांची देवळे.

नियोजनाच्या तक्त्यात हापसा खोदला की एक आकडा वाढतो आणि विषय संपतो. भरलेला हंडा वाकून उचलणाऱ्या बाईची कंबर त्या तक्त्यात कुठेच नसते. (आम्ही अर्थशास्त्रज्ञांनीच हे तक्ते शिकवले.) कोनाडा किती उंचीवर हवा, हे हंडा वाहणारीलाच ठाऊक. तिला विचारून सिमेंट ओतले गेले, तर उद्याच्या समाजातील निर्णयपद्धतीचा एक तुकडा आजच उभा राहतो. असा तुकडा आमच्या ठरावांतून उभा राहिल्याचे मला आठवत नाही.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, बाईने हंडा वाहावाच का? नळ घरात यावा. आक्षेप रास्त आहे. घरोघरी नळ ही २०१९ पासून सरकारचीही घोषणा आहे. त्या मागणीत तसूभर ढिलाई नको. परंतु घरात नळ आल्यावर चार बायकांची एकत्र येण्याची जागा कोणती, हा प्रश्न उरतोच, आणि तो अभियंत्याच्या वा आमच्या टिपणात येत नाही. आणखी एक प्रश्न उलट बाजूने विचारला पाहिजे: शहरातील कलादालनात अशा कामाची चित्रफीत लागते, तेव्हा श्रेय आणि पैसा गावातील सहकाऱ्यांपर्यंत किती पोहोचतो? कलावंत म्हणून कुणाला यातून सूट नाही.

माझी सूचना साधी आहे. पुढील जाहीरनाम्यातील पाणी, घरे, शाळा यांची कलमे लिहिताना मसुदा समितीत दोन-तीन चित्रकार, शिल्पकार घ्या, आणि मसुदा पक्का होण्याआधी घ्या. ते वाक्ये सुधारणार नाहीत. वस्तीत नेऊन जागा दाखवतील, रेघा मारतील, आणि कदाचित आपले एखादे कलम खोडायला लावतील.