बाजारपेठ : शाळेचा दुसरा वर्ग



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण केले आहे, त्यांनी आयुष्यभर वाणिज्य शिकविले. मी मराठीचा अध्यापक. व्यापाराविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माल, नफा, दलाल, हमाल, तगादा हे आपले रोजचे शब्द मूळ अरबी असून व्यवहाराच्या गरजेपोटीच ते मराठीत रुजले. आणि लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले. हे शास्त्र आपल्या भाषेला परके नाही.

बेळगाव हे पेठेचे गाव. रेल्वे येण्यापूर्वी येथला माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरास जाई. आज येथला भाजीपाला चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात जातो. रविवार पेठेत घाऊक व्यापार, उद्यमबागेत ओतकाम, शहापूर-वडगावात माग. असे ग्रंथालय दाराशी असता आपल्या शैक्षणिक भेटी मात्र बहुधा सहलीच ठरतात. बस निघते, कारखान्यात चहा होतो, छायाचित्र निघते आणि एकाने लिहिलेला अहवाल चाळीस जण उतरवून घेतात.

माझी सूचना साधी आहे. कारखाना ‘पाहू’ नये. एका वस्तूचा माग काढावा. समजा, कोबी घेतला. शेतकऱ्यास किलोमागे १२ रुपये मिळाले आणि गोव्यातील गृहिणीने ३० मोजले. मधले १८ कोठे गेले? वर्गात बसून मुले एकमुखाने सांगतील, दलालाने खाल्ले. पण मुलांनी शेतात, अडत्याकडे, ट्रकचालकाकडे आणि गोव्यातील विक्रेत्याकडे विचारून अडत, तोलाई, हमाली, गाडीभाडे, वाटेतली नासाडी, न खपलेला माल आणि बुडालेली उधारी मांडली, म्हणजे त्यांना कळेल की यात काही कष्टाचे मोल आहे, काही जोखमीचे, आणि काही निव्वळ अडवणुकीचे. हा विवेक येणे म्हणजेच अर्थशास्त्र येणे. त्यावाचून विद्यार्थी व्यापाऱ्यास एक तर चोर समजतो, नाही तर देव.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ज्याच्या पाठीवर गोणी आहे, तो वर्गातल्याच एखाद्या मुलाचा बाप असू शकतो. तेथे मुले प्रेक्षक म्हणून उभी राहिली, तर त्या एका मुलाची मान खाली जाईल. म्हणून शिक्षकांनी आधी जाऊन बोलावे, त्या गृहस्थांस सन्मानाने विचारावे आणि मुलांना सांगावे की आज हे तुमचे गुरुजी आहेत. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला. तो सीमेच्या अलीकडे लागू नाही. गोणी तीच, पाठ तशीच. सीमा ओलांडताच संरक्षण बदलते. सीमाभागातल्या विद्यार्थ्याने हे नकाशावरून नव्हे, त्या माणसाच्या तोंडून शिकावे.

शेवटी माजी विद्यार्थ्यांस विनंती. आपल्यापैकी कित्येकांच्या पेढ्या आहेत, कारखाने आहेत. शाळेला देणग्या आपण देताच. यंदा त्याबरोबर अर्धा दिवस द्यावा. दिवाणखान्यात नव्हे, गोदामात मुलांना न्यावे. किर्द-खतावणी उघडून एखाद्या तोट्याच्या वर्षाची गोष्ट सांगावी. नफा कोणीही सांगतो. तोटा विश्वासातल्या माणसालाच सांगितला जातो. तेवढा विश्वास या मुलांवर टाकावा. गुरुवर्यांचे स्मरण त्याहून अधिक चांगले कसे होईल, हे मला सुचत नाही.