स्वयंपाकघराची भिंत

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटात मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या नव्या घराचं स्वयंपाकघर लागलं, की जेवणाच्या टेबलामागची भिंत कोरी दिसते. तिथे वारली चित्र लावावं, असं मला मनापासून वाटतं. पालघरकडे वारली लोक गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात बांबूची ठेचलेली काडी बुडवून ही चित्रं काढत आले आहेत. लग्नाच्या वेळी भिंतीवरचा चौक तर सुवासिनीच लिहितात. भाताचं आणि भिंतीचं हे नातं स्वयंपाकघरातच शोभतं! जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र फोडणीचा तेलकट धूर कागदावर बसतो. चित्र काचेच्या चौकटीत घाला, शेगडीपासून लांब लावा. आणि छापील प्रतीपेक्षा वारली चित्रकाराच्या हातचंच चित्र घ्या.