वाचणाऱ्याला जमेल असे लिहूया



या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे पुण्यात मनःपूर्वक स्वागत करते.

संगणकावरच्या मराठीचे आणि पुण्याचे नाते जुने आहे. १९८८ मध्ये या शहरात सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम इथे वाढले. इनस्क्रिप्ट कीबोर्डची रचना त्याआधीच, १९८६ मध्ये, ठरली होती. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. तंत्र हाताशी आले, पण घरोघरच्या संगणकांवर मराठी उमटायला त्यानंतरही बराच काळ गेला. त्याच्या अनेक कारणांपैकी एक, म्हणजे वाचणाऱ्याला न कळणाऱ्या सूचना, हा आपल्या परिषदेचा विषय आहे.

विंडोज एक्सपीचे दिवस अनेकांना आठवत असतील. त्यात मराठी सुरू करायची तर आधी कंट्रोल पॅनेल, मग प्रादेशिक आणि भाषिक पर्याय, मग भाषांचे पान, असे जावे लागे. तिथे ज्या चौकटीत टिक करायची, तिच्यासमोर मराठीचे नावच नव्हते. ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाइली बसवा, अशा अर्थाची ती ओळ होती. मराठी शोधणाऱ्याने ती आपलीच ओळ आहे हे कसे ओळखावे? ओळखली तरी पुढे संगणक एक्सपीची सीडी मागे. अनेक घरांत ती संगणक विकणाऱ्याकडेच राहिलेली असे. ‘सुरू करण्यापूर्वी सीडी जवळ ठेवा’ हे एक वाक्य आरंभी लिहिलेले असते, तर कितीतरी लोकांची दुपार वाचली असती.

आज विंडोज ११ मध्ये हे काम सोपे झाले आहे. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषेच्या विभागात जाऊन मराठी जोडायची आणि विंडोजचे बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. जाणकाराला एवढे पुरते. नवख्याला मात्र आणखी तीन गोष्टी हव्या असतात. पायरी बरोबर झाली हे कशावरून ओळखायचे? टास्कबारच्या उजव्या टोकाला भाषेची खूण दिसू लागते, हे त्याला सांगावे लागते. काही बिघडले तर परत कसे यायचे? तेच बटण आणि स्पेसबार पुन्हा दाबला की इंग्रजी येते, हेही लिहावे लागते. आणि पुढे कुठे अडेल? कीबोर्ड मराठीवर राहिला तर अचूक टाकलेला पासवर्डही नाकारला जातो. ही सूचना नसली की माणूस घाबरतो, संगणक बिघडला म्हणतो आणि त्या दिवसापासून मराठीला हात लावत नाही.

१९८० च्या दशकात जॉन कॅरोल यांनी अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात कार्यालयीन कर्मचारी वर्ड प्रोसेसर कसा शिकतात, ते जवळ बसून पाहिले. लोक पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाहीत. ते थेट कामाला हात घालतात, मध्येच चुकतात आणि मग बाहेर पडण्याची वाट शोधतात. हे पाहून कॅरोल यांनी पुस्तिका लहान केल्या, लांबलचक प्रास्ताविके गाळली आणि चूक कशी ओळखावी, कशी निस्तरावी, याला जागा दिली. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९९० मध्ये निघाले. आपल्याकडच्या अनेक मार्गदर्शिका आजही अडलेल्या माणसाला पहिल्या पायरीकडे परत पाठवतात.

सूचना लिहिण्याच्या कामाला मराठी भाषा फार अनुकूल आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘उजव्या कोपऱ्यातल्या निळ्या बटणावर क्लिक करा’ म्हटले की आधी नजर जागेवर जाते आणि मग हात हलतो. एका वाक्यात एकच कृती ठेवली, इशारा त्या कृतीच्या आधी दिला आणि पडद्यावर जे नाव दिसते तेच छापले, तर आपली रोजची मराठी या कामाला पुरून उरते.

हे सगळे इतक्या कळकळीने सांगण्याचे कारण आहे. सूचना कळली नाही की माणूस फोन दुसऱ्याच्या हाती देतो. त्या फोनबरोबर पासवर्ड जातो, ओटीपी जातो आणि बँकेचे खातेही उघडे पडते. पेन्शनचा हयातीचा दाखला असो की मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, ज्याला स्वतःला करता येत नाही त्याला प्रत्येक वेळी कुणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागते. नीट लिहिलेले एक पान त्याला या परावलंबनातून सोडवते. म्हणून सूचनालेखन हे वाङ्मयाच्या पंगतीत मानाने बसावे असे काम आहे, आणि ते करणाऱ्यांचे नाव पुस्तिकेवर छापले जावे.

या परिषदेत आम्ही शहरातील ज्येष्ठ नागरिक संघांचे सभासद, बचत गटांच्या ताई आणि काही छोटे दुकानदार यांना बोलावले आहे. दुपारच्या सत्रात प्रत्येक लेखकाने लिहिलेली सूचना यांच्यापैकी एक जण वाचून करून पाहील. लेखकाने शेजारी बसायचे, पण बोलायचे नाही. बोट दाखवायचे नाही. वाचणारा जिथे थांबेल तिथे कागदावर खूण करायची आणि संध्याकाळी ते वाक्य पुन्हा लिहायचे. वाचणाऱ्याचा हात थांबला, तर दोष वाक्याचा समजायचा, एवढा एकच नियम आम्ही ठेवला आहे.

मंडप, भोजन आणि निवासाची व्यवस्था आमच्या स्वयंसेवकांनी आपुलकीने केली आहे. काही कमी पडल्यास हक्काने सांगा. पाहुण्यांना माझी विनंती आहे की, जे कळले नाही ते ‘कळले नाही’ असे मोकळेपणाने म्हणा. तुमच्या त्या शब्दांवरच या परिषदेचे यश अवलंबून आहे. तुम्हा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करते आणि माननीय उद्घाटकांना परिषदेचे उद्घाटन करण्याची विनंती करते.