पुरावा वाचण्याची विद्या



उन्हाळ्याच्या अखेरीस मुरबाडहून माळशेज घाटाच्या बाजूस निघालें, तर शेतांतून ठिकठिकाणीं जमिनीचे काळे तुकडे दिसतात. ठाणें जिल्ह्यांतील शेतकऱ्यास तें काय आहे हें सांगावें लागत नाहीं. तो राब होय. पाला, गवत, काटक्या व शेण पसरून जाळावयाचें, आणि पाऊस लागतांच त्या भाजलेल्या जागीं भाताचीं किंवा नाचणीचीं रोपें करावयाचीं, ही येथील जुनी पद्धत आहे. परंतु हाच काळा डाग उपग्रहानें टिपला आणि शहरांतील एखाद्या विद्यार्थ्यानें टेबलाशीं बसून पाहिला, तर तो काय लिहील? ‘येथें जंगल जाळलें आहे,’ असें लिहील. आणि त्या एका ओळीनें एक कष्टाळू माणूस गुन्हेगार ठरेल.

गेल्या कांहीं वर्षांत परदेशच्या विद्यापीठांतून एक नवी विद्या शिकविली जाऊं लागली आहे. सर्वांस खुलीं असलेलीं छायाचित्रें, नकाशे व सरकारी कागद यांवरून अन्यायाचा छडा लावावयाचा, ही ती विद्या. अमेरिकेंत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत २०१६ सालीं विद्यार्थ्यांची अशी शोधशाळा निघाली. पुढें २०२० सालीं त्याच विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्रानें संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कचेरीसह या कामाचे नियम प्रसिद्ध केले. दूरदेशींच्या युद्धांतील अत्याचार सिद्ध करण्यास ही विद्या उपयोगी पडते. पण तिला आपल्या शहापूर-मुरबाडांतही काम आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस त्या जमिनीवर हक्क सांगतां येतो. मात्र पुरावा हवा. ठाकूर, कातकरी, वारली यांच्यापाशीं कागद कोठून असणार? सुदैवानें कायद्याचे नियम उदार आहेत. गॅझेटिअर, शिरगणती, नकाशे, उपग्रहचित्रें, गांवांतील वृद्धांचा जबाब, हे सारे पुरावे त्यांत मान्य आहेत. आणि निर्णय करतांना एकाहून अधिक पुरावे पाहावे, असें सांगितलें आहे. ‘अतिक्रमण’ म्हणून पूर्वीं भरलेल्या दंडाची पावती पत्र्याच्या पेटींत जपली असेल, तर तीच आज कब्जाची साक्ष देते!

आतां उपग्रहचित्राकडे वळूं. पुष्कळ वापरांतल्या एका जातीच्या चित्रांत प्रत्येक ठिपका ३० मीटर लांब व तितकाच रुंद असतो. म्हणजे आपल्या मापानें सुमारें ९ गुंठे. वीस गुंठ्यांची वरकस जमीन म्हणजे अवघे दोन-अडीच ठिपके. बांधावर मोहाचें झाड आणि मधें दोन ऐन असले, म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें तें शेत जंगलच. म्हणूनच २०१२ सालीं नियमांत स्पष्ट केलें गेलें कीं, उपग्रहचित्र इतर पुराव्यास पूरक असावें. त्यानें इतर पुराव्याची जागा घेऊं नये.

कागद नीट वाचल्यानें काय घडतें, याचा दाखला मुरबाड तालुक्यांतच आहे. काळू धरणाचें काम वनमंजुरीवांचून सुरू झाल्याचें गाऱ्हाणें श्रमिक मुक्ति संघटनेनें मुंबई उच्च न्यायालयांत नेलें, आणि २०१२ सालीं न्यायालयानें तें काम थांबविलें. ‘मंजुरी आहे कीं नाहीं?’ एवढाच प्रश्न. पण त्यावर गांवेंच्या गांवें बुडणें वा न बुडणें अवलंबून होतें.

मग विद्यार्थ्यास काय शिकवावें? पहिली गोष्ट, मूळ पुरावा जसाच्या तसा राखावा व तो कोठून, कोणत्या तारखेस मिळाला तें लिहावें. दुसरी, एका साक्षीवर विसंबूं नये. तिसरी, आपल्या मताच्या विरुद्ध जाणारा पुरावा मुद्दाम शोधावा. आणि चौथी, ज्याच्या जमिनीचा प्रश्न आहे त्यास विचारल्यावांचून त्याचें नांव वा छायाचित्र चव्हाट्यावर मांडूं नये; कारण विद्यार्थी शहरांत परत जातो, पण त्या माणसास त्याच गांवांत राहावयाचें असतें.

मी शाळामास्तर होतों. गणिताचें उत्तर बरोबर आलें पण रीत दाखविली नाहीं, तर मी पूर्ण गुण देत नसें. न्यायाच्या कामांत तर रीत सुटली कीं खरें उत्तरही टिकत नाहीं. समोरचा वकील तें एका प्रश्नानें खोडून काढतो, आणि नुकसान होतें तें कातकऱ्याचें.

आपल्या घरांतील मुलेंमुली महाविद्यालयाच्या शिबिरासाठीं आमच्या बाजूस येतात. रस्ता झाडतात, झाडें लावतात. तें चांगलेंच आहे. पण पुढील खेपेस त्यांनीं एखाद्या पाड्याचें उपग्रहचित्र बरोबर आणावें, तें ग्रामसभेंत पसरावें आणि तेथील म्हाताऱ्या बाईस विचारावें, “आजी, हा काळा डाग कशाचा?” ती राब कसा भाजतात तें सांगेल. तें ऐकून मग वहींत ओळ लिहावी.