लंकेत आम्ही काय पाहिलं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं की तुम्ही लंकेला जाऊन आलात, तर वर्धापनदिनाला त्यावर बोला. वीस मिनिटं बोला, नंतर चहा आहे. आम्ही काही वक्ते नाही. गिरणीत साच्यावर उभं राहून आयुष्य गेलं. साच्याच्या खडखडाटात बोलायची सवय, म्हणून आवाज जरा चढा लागतो. तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही बावीस जण गेलो होतो. चार वर्षं दर महिन्याला माणशी हजार रुपये जमा केले. आमच्यातल्या एका आजीने तर धुण्याभांड्याच्या पैशातून एक हप्ता चुकवला नाही. निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ म्हणाले, "काय, रावणाच्या लंकेला?" आजी म्हणाली, "नाही दादा, महेंद्र-संघमित्रेच्या." तो माणूस गप्प झाला. आमचा प्रवास खरं म्हणजे तिथूनच सुरू झाला.

लंका आहे केवढी? आपल्या मराठवाड्याएवढी. क्षेत्रफळ ६५ हजार चौरस किलोमीटरच्या जरासं वर, लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आतबाहेर. मुंबईहून विमानाने अडीच तास. पण हिरवंगार किती! विमानातून खाली बघितलं तर नुसती नारळाची झाडं. आमच्यातल्या दुष्काळी भागातल्या मंडळींना तर वाटलं, इथे पाण्याला कुणी विचारतच नसेल. तसं नाही. अनुराधापूरकडचा मुलूख कोरडाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथल्या राजांनी तळी बांधली, त्यावर आजही भातशेती चालते. गाडी तळ्याच्या बांधावरून जायची तेव्हा आम्ही एकमेकांना म्हणायचो, हे बघा खरं राज्य करणं.

जाण्याआधी आम्ही थोडं वाचन केलं. आमच्या आधी कोण कोण प्रवासी तिथे जाऊन आले ते बघितलं. तिघांविषयी सांगतो.

पहिला फाहियान. चीनचा भिक्खू. इ. स. ३९९ मध्ये घरून निघाला, पायी भारतात आला, विनयपिटकाच्या प्रती शोधत हिंडला. त्याने आपल्याकडे मथुरेच्या बाजूला काय पाहिलं ते पुष्कळांना ठाऊक असेल. चांडाळ गावाबाहेर राहायचे आणि नगरात येताना लाकडावर काठी वाजवायचे, म्हणजे इतरांनी बाजूला व्हावं. आपल्या वाडवडिलांची हकीकत एका परदेशी माणसाने सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली. तोच फाहियान पुढे ताम्रलिप्तीहून व्यापाऱ्यांच्या जहाजाने लंकेत उतरला आणि दोन वर्षं राहिला. अभयगिरी विहारात पाच हजार भिक्खू आणि महाविहारात तीन हजार, असं तो सांगतो. एके दिवशी बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याच्या नजरेस पडला. घर सोडून कितीतरी वर्षं झालेली, बरोबरचे कुणी मेले, कुणी मागे राहिले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दुसरा रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज खलाशी. हा यात्रेकरू नव्हे. १६६० साली कँडीच्या राजाने त्याला धरून ठेवलं, तो जवळपास वीस वर्षं अडकून होता. १६७९ मध्ये पळाला आणि १६८१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात त्याने तिथल्या जाती एकाखाली एक लावून दिल्यात, अगदी खाली रोडिया नावाचे भीक मागणारे लोक. हे वाचून आम्हाला वाटलं, गोऱ्या माणसाने लिहिलंय, काहीतरी गैरसमज असेल. बौद्ध देशात जात कशी असेल?

तिसरे प्रवासी म्हणजे आपले बाबासाहेब. १९५० च्या मे महिन्यात माईसाहेबांसह कोलंबोला गेले. कँडीला २७ देशांचे बौद्ध प्रतिनिधी जमले होते. जागतिक बौद्ध परिषदेची स्थापना झाली ती तिथे. बाबासाहेबांनी तिथे सांगितलं की आपण इथले विधी पाहायला आलो आहोत, बुद्धाचा धम्म इथे कितपत जिवंत आहे ते पाहायला आलो आहोत. बंधूंनो, हे लक्षात घ्या. ते हात जोडून गेले, पण डोळे मिटून गेले नाहीत. पदरात घेण्याआधी वस्तू तपासून बघणारा माणूस तो. दीक्षा त्यानंतर सहा वर्षांनी, १९५६ ला.

आता आमचं सांगतो.

अनुराधापूरला आम्ही पौर्णिमेला पोचलो. तिकडे दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, पोया म्हणतात, आणि त्या दिवशी देशभर दारूचं दुकान बंद. आमच्या आयाबायांना ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. बोधिवृक्षाकडे जाणारा रस्ता नुसता पांढरा. म्हातारे, बाया, शाळेची पोरं, सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे, हातात कमळं. चपला लांब काढायच्या. उन्हाने दगड तापलेले, आमचे पाय भाजत होते नि आम्ही उड्या मारत चाललो होतो. तिथले लोक आपले शांतपणे चाललेले.

गया येथील बोधिवृक्षाची फांदी संघमित्रेने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात नेऊन तिथे लावली, आणि तेव्हापासून त्याची निगा राखली जातेय. झाड आता टेकूंवर उभं आहे. फांद्यांना सोनेरी आधार लावलेत. खाली एक कुटुंब बसून वंदना म्हणत होतं. "बुद्धं सरणं गच्छामि" कानावर आलं आणि आमची आजी तिथेच बसली, त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणायला लागली. त्यांना मराठी येत नाही, हिला सिंहली येत नाही. पंचशील मात्र एकही शब्द न चुकता दोघींनी बरोबर संपवलं. शेवटी त्या बाईने "साधु साधु साधु" म्हटलं आणि आजीच्या हातात आपल्यातलं एक कमळ दिलं. फाहियानला पंखा दिसला होता, आम्हाला ते कमळ मिळालं. आम्ही पुरुष मंडळी तिकडे तोंड फिरवून उभे होतो. कशासाठी ते तुम्ही ओळखा.

जेतवन स्तूप विटांचा आहे. एके काळी चारशे फूट उंच होता. आम्ही कामगार माणसं, आम्हाला राजाचं नाव नंतर आठवलं, आधी मनात आलं की एवढ्या विटा वाहिल्या कुणी.

त्याच बोधिवृक्षाच्या आवारात मे १९८५ मध्ये तमिळ वाघांनी गोळीबार केला. यात्रेकरू मारले गेले. पुढे जानेवारी १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातू मंदिरावर बॉम्बचा ट्रक घातला. आणि दुसरी बाजू सांगायची तर, १९८१ साली जाफन्याचं ग्रंथालय जाळण्यात आलं, ९० हजारांवर पुस्तकं गेली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं पेटवली. युद्ध संपलं मे २००९ मध्ये. आपल्यासारख्या, बाबासाहेबांच्या पुस्तकांवर वाढलेल्या माणसांना ग्रंथालय जळाल्याचं ऐकून कसं वाटतं ते सांगायला नको. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "काका, ते दिवस नका काढू." आम्ही परत काढले नाहीत.

कँडीला आम्ही मोठ्या ओढीने गेलो, कारण बाबासाहेबांचे पाय तिथे लागलेले. संध्याकाळची पूजा होती. उघड्या अंगाचे, कमरेला पांढरं वस्त्र नि लाल पट्टा बांधलेले लोक ढोल वाजवत होते. काय वाजवत होते सांगू! पायाखालची फरशी थरथरत होती. आमची पोरं मोबाईल वर धरून उभी. आम्ही ड्रायव्हरला विचारलं, हे शिकायचं कुठे? तो म्हणाला, शिकायचं नसतं, ते त्यांचंच काम आहे. बेरवा जातीचे लोक आहेत. बापाकडून मुलाकडे.

आमच्या हाताला जणू शॉक बसला. वाजवणं आमच्या आज्याचंही काम होतं. गावात जत्रेला, लग्नाला, मढ्यापुढे. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून आज्याने ते टाकलं, आणि टाकलं म्हणून गावाने वर्षभर दळण बंद केलं होतं. आणि इथे बुद्धाच्या दारात तेच काम जातीवर चाललेलं. त्यांच्या कलेला आम्ही नावं ठेवत नाही. तो मान आहे असंही त्यांच्यापैकी काहीजण मानत असतील. पण टाळ्या वाजवायला आमचे हात पुढे आले नाहीत.

मग खोदून विचारलं. ड्रायव्हर समुद्रकाठच्या मासेमारांपैकी, करावा जातीचा. त्याचा चुलतभाऊ भिक्खू आहे, पण कँडीच्या मोठ्या विहारात नाही. लंकेत भिक्खूसंघाची उपसंपदा मोडली होती. ती १७५३ मध्ये सयामहून उपाली थेर नावाच्या भिक्खूंना बोलावून पुन्हा सुरू केली. तो सयाम निकाय. पुढे थोड्याच वर्षांत तिथे नियम झाला की उपसंपदा फक्त गोविगम, म्हणजे शेतकरी वरच्या जातीला. मग बाकीच्यांनी काय केलं? दालचिनी सोलणाऱ्या सालागम जातीतले ज्ञानविमल नावाचे भिक्खू ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन वेगळा निकाय काढला. कुणी तळ्यावर पाणी भरू देत नाही तर आपण आपली विहीर खणावी, तसं. तिसरा रामण्य निकाय १८६४ चा. कँडीच्या मल्वत्त आणि असगिरी विहारांत आजही इतर जातीच्या मुलाला उपसंपदा मिळत नाही, असं तिथलेच लोक सांगतात. म्हणजे नॉक्सचा गैरसमज नव्हता. गैरसमज आमचा होता.

हॉटेलात रविवारचा इंग्रजी पेपर होता. आमच्यातली कॉलेजात जाणारी मुलगी लग्नाच्या जाहिराती वाचत बसली. म्हणाली, "काका, इथे सारखं जी. बी., जी. बी. लिहिलंय, ही कसली डिग्री?" ड्रायव्हर हसला. जी. बी. म्हणजे गोविगम बौद्ध.

काहीजण म्हणतील, कशाला सांगता हे सगळं भरसभेत? धम्माच्या देशाची बदनामी होते. आमचं उत्तर असं की तिथली चांगली गोष्टही आम्ही लपवणार नाही. १९४५ पासून बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत शिक्षण फुकट. ड्रायव्हरच्या दोन्ही मुली शिकतात, डोनेशन हा शब्द त्याला समजावून सांगावा लागला. आपण मिरवणुकीत धरतो तो पंचरंगी धम्मध्वज १८८५ मध्ये कोलंबोतच तयार झाला. हे सांगायचं आणि ते गिळायचं, तर आपण प्रवासी कसले?

शेवटी चहाच्या मळ्यांबद्दल. नुवारा एलियाच्या वाटेवर गाडी थांबली. डोंगर असा कापून ठेवलाय की हिरवी चादरच. बाया पाला खुडत होत्या, कपाळावर पट्टा, पाठीवर बोजा. आमच्यातला एकजण धारावीत वाढलेला, तमिळ बोलतो. त्याने हाक मारली. एक बाई आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. लाईनीतली एक खोली, पुढे चिंचोळी ओटी, पलीकडे दुसरी खोली, तिसरी, दहावी. आम्ही दारातच थबकलो. ही तर आमची चाळ! फक्त डोंगरावर नेऊन ठेवलेली.

यांचे पूर्वज तमिळनाडूतून इंग्रजांनी आणलेले, आधी कॉफीसाठी, कॉफीला रोग पडल्यावर चहासाठी. पुष्कळसे आपल्यासारखेच अस्पृश्य. माणसं भरती करून आणणारा नि राबवणारा कंगाणी, म्हणजे आमच्या गिरणीतला जॉबरच समजा. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने यांचं नागरिकत्व गेलं. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमाव बंदरनायके यांनी करार केला, सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख लंकेने ठेवायची. माणसं वाटून घेतली. जे उरले त्यांना २००३ च्या कायद्याने हक्क मिळाला. दिवसाला अठरा किलो पाला भरला नाही तर पूर्ण हजेरी पडत नाही, असं ती बाई सांगत होती. आम्ही तिला साच्यावरच्या उत्पादनाचं गणित सांगितलं. तिला लगेच कळलं.

मग तिने विचारलं, तुम्ही हिंदू का? आम्ही म्हणालो, बौद्ध. ती जरा मागे सरली. तिच्या लेखी बौद्ध म्हणजे सिंहली, म्हणजे साहेब. आमच्या माणसाने तिला सावकाश समजावलं की आम्ही कोण होतो, आमचे बाप काय करायचे, बाबासाहेबांनी काय केलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग आता लग्न करताना तुम्ही जात विचारत नाही?"

बावीस माणसं होतो आम्ही. कुणी बोलेना. शेवटी आजीच म्हणाली, "तिला सांगा, विचारतात. अजून विचारतात."

बंधू-भगिनींनो, आपल्या विहाराच्या वधू-वर नोंदणीचं रजिस्टर त्या कपाटात आहे. त्यात नाव, शिक्षण, नोकरी, गाव यानंतर पाचवा रकाना पोटजातीचा आहे. तो रकाना आखला तेव्हा समितीत आम्हीही होतो, सही आमचीही आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यकारिणीची बैठक आहे. तो रकाना काढून टाकावा असा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदन आजी देणार आहे. विरोध करायचा असेल त्यांनीही जरूर यावं, तोंडावर बोलावं.

बाहेर चहा उकळतोय तो तिथूनच आणलेला आहे. त्या बाईने पुडा दिला, पैसे घेतले नाहीत. दूध बेताचं घाला असं स्वयंपाकवाल्यांना सांगितलंय, ऐकतील की नाही ठाऊक नाही.

जयभीम, नमो बुद्धाय.